नववीला किती होते?

१६ नोव्हेंबर २०१९, शनिवार. रक्कम दहा रुपये. हजर: मी, माझी मुलगी केतकी, आणि ज्यांच्या टेबलावर मी ती दहाची नोट ठेवली ते सर. सरांच्या पत्नी चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना निम्म्या हजर धरायला हरकत नाही.

सर केतकीच्या शाळेत गणित शिकवत आणि नववीचे वर्गशिक्षक होते. वारज्याच्या आमच्या सोसायटीत ते समोरच्या इमारतीत तळमजल्यावर राहत. नोट ठेवण्याचे कारण असे, की नववीच्या सहामाही परीक्षेत बीजगणिताच्या चाळीस गुणांच्या पेपरात केतकीला सव्वीस मिळाले होते, आणि माझ्या बेरजेने ते अठ्ठावीस व्हायला हवे होते. बेरीज हा माझा धंदा आहे. खराडीच्या एका कंपनीत मी हिशेब विभागात आहे आणि माझी बेरीज आजवर कोणी दुरुस्त केलेली नाही.

सरांचा फेरतपासणीचा नियम शाळेत सगळ्यांना माहीत होता. पालकाने दहा रुपये ठेवायचे. सर अख्खा पेपर पालकाच्या आणि मुलाच्या देखत पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासणार. गुण वाढले तर वाढलेल्या प्रत्येक गुणाला दहा रुपये सर मुलाला देणार. नाही वाढले तर नोट बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात जाणार. आणि कमी झाले तर कमी. या शेवटच्या कलमामुळे सरांकडे फारसे कोणी येत नसे.

"बसा," सर मला म्हणाले आणि स्वतः उभे राहिले. त्यांच्या खिडकीशी कपड्यांना इस्त्री करायचे उंच टेबल होते. त्यावर पेपर ठेवून ते तपासत. बसून तपासले की दया येते, असे त्यांचे म्हणणे होते.

माझी चूक त्यांनी दोन मिनिटांत काढली. पाचव्या प्रश्नात तीनपैकी दोनच उदाहरणे सोडवायची होती. केतकीने तिन्ही सोडवली होती आणि मी तिन्हींचे गुण धरले होते.

"बेरीज तुमची बरोबर आहे," सर म्हणाले, "प्रश्नपत्रिका वाचायची राहिली."

मी नोट डब्यात टाकायला उठलो, तेवढ्यात त्यांचे हिरवे पेन एका ओळीवर थांबले. ते बाप आणि मुलीच्या वयाचे उदाहरण होते.

"केतकी, मुलीचं वय चौदा. चौदा काय?"

"वर्षं, सर."

"लिहिलंयस?"

"नाही."

"आणि वडिलांचं बेचाळीस. बेचाळीस काय?"

"महिने, सर," ती म्हणाली आणि फिसकन हसली.

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "वागण्यावरून पटतंय."

एक गुण गेला. सव्वीसाचे पंचवीस झाले. नोट डब्यात पडली आणि आम्ही चहा पिऊन निघालो. जिना चढताना केतकी हसतच होती. नोट माझी, बेरीज माझी, मुलगी माझी, आणि ती हसत होती त्यांच्या विनोदावर.

मी स्पष्टच लिहितो. मला त्या माणसाचा हेवा वाटे. आजही वाटतो.

सरांनी नोकरीची सारी वर्षे नववीच शिकवली. चांगल्या शिक्षकाला शाळा दहावी देते, हे कोणालाही माहीत आहे. त्यांनाही तीनदा देऊ केली होती. तिन्ही वेळा त्यांनी मुख्याध्यापकांना विचारले, "मग नववी कोण घेणार?" आणि उत्तराची वाट न पाहता वर्गावर निघून गेले. त्यांचा सिद्धान्त असा होता: दहावी म्हणजे लग्नाची पंगत. तिथे सगळेच नीट बसतात आणि बाहीने तोंड पुसत नाहीत. माणूस घरी कसा जेवतो हे बघायचे असेल तर नववी बघा. ज्या परीक्षेला कोणी विचारत नाही त्या परीक्षेत मूल काय करते, ते खरे मूल.

त्यामुळे ते कोणालाही दहावी-बारावी विचारत नसत. भेटेल त्याला एकच प्रश्न: "नववीला किती होते?" सोसायटीचा हिशेब तपासायला आलेल्या सीएला त्यांनी हे विचारले. त्यांच्या भाचीला बघायला आलेल्या मुलाला कांदेपोह्यांच्या बशीवरून विचारले. मुलगा अमेरिकेत होता. तो म्हणाला, आठवत नाही. सर आत जाऊन बहिणीला म्हणाले, "लपवतोय." महापालिका निवडणुकीच्या वेळी एक उमेदवार हात जोडत जिन्यापाशी आला. त्यालाही विचारले. तो बावधनच्या जुन्या शेतकरी घराण्यातला, मोकळ्या मनाचा गडी होता. म्हणाला, "नापास झालतो की सर. दोनदा." सर म्हणाले, "माझं मत तुम्हाला." आणि दिलेही असणार.

दहावीच्या निकालाच्या दिवशी त्यांची जुनी मुले पेढे घेऊन येत. सर प्रत्येक पेढ्याचा अर्धाच तुकडा घेत. "अर्धा नववीचा, तो माझा. उरलेला दहावीच्या सरांना नेऊन दे." मुले तसे करतही. शाळेत त्या दिवशी दहावीच्या शिक्षकांसमोर अर्ध्या पेढ्यांचा ढीग पडे, आणि ते काय म्हणत ते मी इथे लिहीत नाही.

एककाचा त्यांना ध्यास होता. भाजीवाली म्हणाली, "मेथी वीसला दिली," की हे विचारणार, "वीस काय?" वॉचमन सांगायला आला, "दहात पाणी जाणार," की, "दहा काय?" ती भाजीवाली पुढे पुढे सरांना लांबून बघूनच ओरडायची, "वीस रुपयाला एक जुडी, सर, रुपये!" गुण देतानाही तसेच. उत्तर बरोबर, रीत बरोबर, पण शेवटी सेंटिमीटर नाही की वर्षे नाही, की अर्धा किंवा एक गुण कापलाच. सर कापत तेव्हा पेन थबकत नसे.

आता हे एकटे त्यांचेच होते असे नाही. नववीला कडक तपासायचे, म्हणजे पोरे घाबरतात आणि दहावीला अभ्यास करतात, ही आमच्या शाळेची जुनी रीत होती. नववीला सत्तर म्हणजे दहावीला नव्वद, असा पालकांचा हिशेब असे. नववीचे गुण कुठेच मोजले जात नसत, त्यामुळे ते कमी असल्याचे कोणाला दुःख नव्हते. केतकीचे सगळे विषय मिळून एक्काहत्तर टक्के होते. ही, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "छान आहेत की. नववी आहे ही." मीही मान डोलावली. पंचवीस गुणांचा राग सोडला तर मला काही चिंता नव्हती.

राग मात्र सोडवत नव्हता, कारण तो गुणांचा नव्हताच. मी खराडीहून घरी पोचेपर्यंत आठ वाजत. तोवर केतकी सरांकडे तासभर बसून आलेली असे. शिकवणी नव्हे, ते पैसे घेत नसत. ती नुसती वही घेऊन जाई आणि त्यांच्या इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून गणिते सोडवी. जेवताना सुरू होई: सर म्हणतात, पोळीच्या त्रिज्येवरून तिचं क्षेत्रफळ काढ. सर म्हणतात, बाबांना विचार, साडेबारा टक्के म्हणजे अपूर्णांकात किती. मी म्हणायचो, "एक अष्टमांश." ती म्हणायची, "हो. सर म्हणाले होते तुला येईल." त्या वाक्यातला 'सर म्हणाले होते' मला घासाबरोबर गिळावा लागे. आयुष्यभर आकड्यांत काम केले मी, आणि माझ्या मुलीला आकडे आवडले ते दुसऱ्याच्या घरात.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचे कळणार नाही. शहरात एक जुने, नामांकित कॉलेज आहे. नाव लिहीत नाही. पुण्यातल्या माणसाला लिहायची गरज नाही. दहावीनंतर तिथे सायन्सला जायचे माझे ठरले होते आणि थोडक्यात हुकले. रोज ऑफिसला जाता-येता मी त्याच्या फाटकावरून जातो. केतकीला पहिल्यांदा स्कूटरवर पुढे उभी करून मी तिथून गेलो, तेव्हाच तिला ते फाटक दाखवले होते. पुढे तिलाही ते हवे झाले. तिच्या अभ्यासाच्या टेबलावर त्या कॉलेजच्या मागच्या वर्षीच्या प्रवेशाचा शेवटचा टक्का लिहिलेला होता: पंच्याण्णवच्या वर.

मार्च २०२० मध्ये सगळे बंद झाले. नववीची वार्षिक परीक्षा रद्द झाली आणि सहामाहीच्या आणि वर्गातल्या गुणांवर निकाल लागला. एक्काहत्तर होते ते एक्काहत्तरच राहिले. दहावीचे वर्ष मोबाईलसमोर गेले. मग पुढच्या वर्षी दहावीची परीक्षाही रद्द झाली आणि निकाल कसा लावायचा त्याचे सूत्र जाहीर झाले. शंभरातले पन्नास गुण दहावीच्या वर्षभरातल्या कामाचे आणि पन्नास नववीच्या निकालावरून.

ही बातमी टीव्हीवर लागली तेव्हा मी हिशेब तोंडीच केला. एक्काहत्तरचे निम्मे साडेपस्तीस. दहावीच्या कामात तिला पैकीच्या पैकी मिळाले तरी साडेपंच्याऐंशी. पंच्याण्णवला पोचायला जगात कुठलीही बेरीज उरली नव्हती. केतकी माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. तिनेही तोच हिशेब केला होता, बहुधा माझ्याआधी.

एक मुद्दा इथेच साफ करतो. त्या दिवशी दहा रुपये देऊन घालवलेल्या एका गुणाने काहीही बिघडले नाही. तो गुण असता तरी एकूण टक्क्यात नखाएवढाही फरक पडत नव्हता; मी काढून पाहिले आहे. बिघडले ते सगळ्याच विषयांच्या कडकपणाने, आणि त्या कडकपणाचे सेनापती समोरच्या इमारतीत राहत होते.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठ-दहा पालक जमले, सगळे मास्क लावून. पुढे एक बिल्डर होता, त्याच्या मुलाला नववीला चौसष्ट होते. शाळेत निकालासाठी शिक्षकांची समिती नेमली होती आणि सर तिच्यात होते. मुख्याध्यापक म्हणाले होते, नववीच्या सरांची हरकत नसेल तर गुणांकडे पुन्हा एकदा सहानुभूतीने बघता येईल.

"सर, एक सही तर करायची," बिल्डर म्हणाला. "बाकीच्या शाळा बघा. नव्वद-नव्वद वाटलेत. आपल्याच पोरांनी काय पाप केलंय?"

"पाप नाही, पेपर," सर म्हणाले. "पेपर माझ्याकडे आहेत. गठ्ठे बांधून ठेवलेत. चला, आत्ता तपासतो, एकेकाचा. प्रत्येकी दहा रुपये काढा."

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"आणि कमी झाले तर?" एका बाईंनी विचारले.

"तर कमी."

कोणाचाही हात खिशाकडे गेला नाही. सरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "ही परीक्षा मोजली जाणार नव्हती, तेव्हा हे एकटे आले होते. दहा रुपये घेऊन."

बिल्डरने मोठ्या आशेने विचारले, "मग? किती वाढले हो तुमचे?"

"एक कमी झाला," मी म्हणालो.

त्या पार्किंगमध्ये त्या वर्षातले पहिले हसू मास्कच्या आत का होईना, पण झाले. मग एकेक जण निघून गेला. मी थांबलो. मला अर्ज-विनंती काही करायची नव्हती, भांडायचे होते.

"सर, हट्ट तुमचा आणि शिक्षा माझ्या मुलीला."

त्यांनी मास्क नाकावर नीट केला.

"तिचं कॉलेज गेलं. तुम्हाला कळतंय का? साडेपस्तीस घेऊन ती कुठे जाणार?"

"ते गुण मी तिला दिले होते," सर म्हणाले. "काय राहिलंय ते तिला कळावं म्हणून. कॉलेजला नव्हते दिले."

"पण गेले ना कॉलेजकडे?"

"गेले."

आणि ते जवळच्या एका स्कूटरच्या सीटवर बसले. एवढ्या वर्षांत मी त्यांना गुणांबद्दल बोलताना बसलेले पाहिले नव्हते.

"आयुष्यभर ओरडत होतो, नववी मोजा, नववी मोजा," ते म्हणाले. "मोजली. आता कोणाला जाऊन सांगू, अशी नव्हे म्हणून?"

मला तेव्हा त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मी म्हणालो, "मग बदला गुण. कोण विचारणार आहे?"

"केतकी विचारेल. तेव्हाचे खोटे होते की आत्ताचे खोटे आहेत? मी काय सांगू?"

"सोळा वर्षांची आहे ती. तिला नसते प्रश्न पडत नाहीत. तिला कॉलेज हवंय."

"मग तिलाच विचारा. ती म्हणाली तर मी सही करतो."

हे त्यांनी गंभीरपणे म्हटले होते. मी जिना चढत वर गेलो. केतकी गॅलरीत उभी होती. तिने सगळे ऐकले असणार. मी विचारले, "सर गुण बघायला तयार आहेत. तू म्हणालीस तर. काय सांगू?"

तिने वाकून खाली, स्कूटरवर बसलेल्या सरांकडे पाहिले. त्या कॉलेजचे तिला किती वेड होते ते मला माहीत आहे. गेल्या दोन वर्षांत आमच्यात दुसरा विषय नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "पंचवीसच होते. तूच मोजून घेतलेस ना?"

मी खाली जाऊन सरांना काही सांगितले नाही. गॅलरीतून पाहिले तर ते स्कूटरवरून उठून घरात गेले होते. त्यांनाही उत्तर माहीत होते, आणि माझ्या आधीपासून माहीत होते. माझ्या मुलीचे उत्तर.

जुलैत निकाल लागला. त्र्याऐंशी टक्के आणि वर थोडे. केतकीने खोलीचे दार लावून घेतले. ही आणि मी बाहेरून हाका मारत होतो. ही शिरा करते म्हणाली, मी आइस्क्रीम आणतो म्हणालो. आतून नुसता हुंदक्यांचा आवाज. तेवढ्यात खालून पार्किंगमधून हाक आली.

"केतकी!"

दार उघडले. ती आमच्यामधून वाट काढून गॅलरीत गेली. आम्ही तिच्या मागे. खाली सर उभे, मास्क हनुवटीवर.

"किती?"

"त्र्याऐंशी, सर."

"त्र्याऐंशी काय?"

तिने कठड्यावरून वाकून पाहिले. मग म्हणाली, "टक्के."

"असं होय! रडण्याच्या आवाजावरून मला वाटलं किलो."

आणि ती हसली. डोळे पुसत, नाक ओढत, पण हसली. हिने सुटकेचा श्वास टाकला आणि शिरा करायला गेली. मी तिथेच उभा राहिलो. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल. पण पहिल्यांदा मनात आले ते असे, की पाऊण तास मी त्या दारावर हात आपटत होतो.

एक आशा उरली होती. अकरावीच्या प्रवेशासाठी स्वतंत्र परीक्षा घेणार, असे जाहीर झाले होते. तिच्यात नववी नव्हती. सर त्या वर्षी निवृत्त झाले होते, निरोपसमारंभ झालाच नव्हता. त्यांनी केतकीला आणि वर्गातल्या आणखी चौघांना पार्किंगमध्ये खुर्च्या लांब लांब मांडून शिकवायला सुरुवात केली. इस्त्रीचे टेबल बाहेर आले. मुलांनी उत्तर सांगितले की पाची खुर्च्यांतून एकदम एककासकट आवाज यायचा. मी घरून काम करत होतो, त्यामुळे खिडकीतून सगळे ऐकू येई. तिमाहीचा ताळेबंद समोर उघडा असायचा आणि माझे कान खाली. मग ऑगस्टमध्ये न्यायालयाने ती परीक्षा रद्द ठरवली. प्रवेश दहावीच्या निकालावरच, म्हणजे निम्मा नववीवर.

त्या नामांकित कॉलेजात प्रवेश मिळाला तो आमच्या ऑफिसातल्या एकाच्या मुलाला. हुशार आहे मुलगा, नाही म्हणत नाही. पण त्याच्या शाळेत नववीला त्याला सत्त्याण्णव होते. ऑफिस पुन्हा उघडल्यावर बाप पेढे वाटत माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "आम्ही काही केलं नाही हो. शाळेचाच हात सढळ." मी पेढा घेतला आणि अर्धा तोडून परत त्याच्या डब्यात ठेवला. तो बघतच राहिला. हे मी का केले ते त्याला सांगितले नाही. मलाही ते तो गेल्यावर कळले.

केतकी वारज्याजवळच्याच एका साध्या ज्युनिअर कॉलेजात गेली. मी फी ऑनलाइन भरली. रोज फाटकावरून जाताना मी आता उजवीकडे बघतो, पलीकडच्या चहाच्या टपरीकडे.

दिवाळीच्या आधी सर गेले. गेले म्हणजे लोणी काळभोरला राहायला गेले. तिथे त्यांच्या भावाची शेती आहे. टेम्पोत इस्त्रीचे टेबल सगळ्यात शेवटी चढले. निघताना ते मला म्हणाले, "तुमच्या दहा रुपयांचा रस राहिला." तो डबा दर वर्षी मार्चमध्ये उघडून ते वर्गाला उसाचा रस पाजत, आणि त्या मार्चमध्ये शाळाच बंद पडली होती. पुढे जानेवारीत त्यांनी जुन्या वर्गाला लोणीला बोलावले. मी केतकीला सोडायला गेलो. रस्त्याकडेच्या गुऱ्हाळाबाहेर पोरे त्यांच्याभोवती गराडा घालून उभी होती. सरांनी पहिला पेला भरून माझ्याकडे पाठवला. "घ्या. हा तुमचाच आहे." रस गोड होता. मी तो सगळा प्यायलो आणि गाडीत जाऊन बसलो, कारण बाहेर पोरे कशाला तरी एकत्र ओरडून हसत होती आणि केतकीचा आवाज त्यात सगळ्यात वर होता.

त्यानंतर महिनाभराने, फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी मी पेपर वाचत बसलो होतो. केतकीने जेवणाच्या टेबलावर भौतिकशास्त्राच्या चाचणीची उत्तरपत्रिका आणून ठेवली, आणि तिच्यावर दहा रुपयांचे नाणे.

"फेरतपासणी," ती म्हणाली. "मला पंचवीसपैकी एकोणीस दिलेत. मला वाटतं वीस हवेत."

"भौतिकशास्त्र मला कुठे येतं?"

"बेरीज येते ना. आणि उत्तरं पुस्तकात मागे आहेत. नियम माहीत आहेत ना तुला?"

मी उठलो. बसून तपासण्याचा विचारही मनात आला नाही. फ्रिजवर ताट उपडे घालून त्यावर पेपर ठेवला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. प्रश्नपत्रिका आधी वाचली. बेरीज बरोबर होती, एकोणीसच. मग चौथ्या प्रश्नाशी थांबलो. वेगाचे उत्तर होते: बारा.

"बारा काय?" मी विचारले.

ती माझ्याकडे बघून अशी हसली, की तसे हसू मी आजवर फक्त समोरच्या इमारतीच्या तळमजल्यावर पाहिले होते. मी एक गुण कापला. अठरा. ती नाणे माझ्याकडे सरकवत म्हणाली, "घे. कमी तर कमी."

नाणे उचलताना मला वाटले, बस्स, एवढेच हवे होते. सव्वादोन वर्षे मी याचीच वाट बघत होतो. मी विचारले, "सरांकडे का नाही नेलास?"

"काल फोन केला होता," ती उत्तरपत्रिकेची घडी घालत म्हणाली. "म्हणाले, एवढ्या लांब कशाला येतेस, घरातच एक आहेत. बेरजेला माझ्यापेक्षा कडक. फक्त त्यांना उभं राहायला सांग. पण सांगावंच लागलं नाही."

अखेर दिलेली रक्कम: दहा रुपये. देणारी: केतकी. घेणारा: मी. तेही त्यांच्या शिफारशीवरून.